आवाज गेलेल्यांचा कट्टा

घरी आजारी माणूस असलेल्यांसाठी एक संकेतस्थळ होतं. कुणाचे वडील अंथरुणाला खिळलेले, कुणाच्या मुलाला डायलिसिसला न्यायचं, कुणाच्या नवऱ्याला स्वतःचं नावही आठवेना, असे लोक तिथे येऊन लिहायचे. प्रत्येक दुखण्याचा वेगळा कट्टा होता. कुणी नवा कट्टा मागितला की तो सुरू करून देणं आणि पहिले काही महिने त्याच्याकडे लक्ष ठेवणं हे ताईचं काम.

आधी तीही तिथे लिहायलाच आली होती, धाकट्या बहिणीच्या आजारपणात. बहीण तिला ताई म्हणायची, म्हणून तिथेही तिनं तेच टोपणनाव घेतलं. बहीण गेल्यावरही ती इतरांना उत्तरं देत राहिली आणि संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी शेवटी तिला कामावरच घेतलं. कपड्यांना इस्त्री करणाऱ्या एका दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. चार टेबलं, एक खिडकी आणि खालून दिवसभर येणारा गरम कापडाचा वास.

नवे कट्टे बहुतेक मरायचे. उघडणारा माणूस सुरुवातीला भरभरून लिहायचा, कुणी फिरकायचं नाही, मग तोही यायचा बंद व्हायचा. व्यवस्थापक अशा कट्ट्यांना तीन महिने द्यायचा आणि मग कुलूप लावायचा. वयानं ताईपेक्षा लहान, पण हिशेबाला पक्का माणूस होता. ताईला कुलपाचं एवढं वाईट वाटत नसे. तिला त्रास व्हायचा तो त्याआधीच्या दिवसांचा. दूर कुठेतरी एखादं माणूस तो कट्टा उघडून बघत असेल, तिथली सामसूम बघून त्याला वाटत असेल की आपल्यासारखं जगात दुसरं कुणी नाहीच. आजारी घरात ते आधीच वाटत असतं. त्यावर आपण शिक्का मारायचा?

एके दिवशी ‘पुकारा’ नावाच्या सभासदाची मागणी आली. फळांच्या घाऊक बाजारात त्यांनी उभा जन्म लिलाव पुकारण्यात घालवला होता. मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला पुढून एक भोक ठेवलं होतं, श्वास तिथूनच चालायचा. आवाज कायमचा गेला होता. अशा लोकांसाठी त्यांना कट्टा हवा होता, आणि एक नाही, पाच. ऑपरेशनचा वेगळा, खाण्यापिण्याचा वेगळा, यंत्रांचा वेगळा, घरच्यांचा वेगळा आणि तक्रारींचा वेगळा.

ताईनं लिहिलं, “काका, सध्या एकच घ्या. मोठ्या सभागृहात दहा माणसं बसली तर ओकंबोकं दिसतं. तीच दहा माणसं छोट्या खोलीत बसवा, लोक दारातून डोकावून बघतात आत काय चाललंय.”

“बाजार मांडायचा तर मोठा मांडावा,” काकांचं उत्तर आलं.

“माल यायच्या आधी?”

मग आलं, “ठीक आहे. एक. माझी बोली इथे संपली.”

कट्टा उघडला. काकांनी पहिल्याच दिवशी नियम टांगले. शिवीगाळ नको, फापटपसारा नको, ऐकीव औषधं नकोत. नंतर गळ्याच्या रचनेवर एक लांबलचक लेख टाकला. कुणी आलं नाही. दुसरा लेख टाकला. तोही तसाच पडून राहिला.

मग एक जण आला. ट्रक चालवणारा. त्याचंही तेच ऑपरेशन झालं होतं. त्यानं एका दमात, कुठेही न थांबता लिहिलं होतं की गाडी चालवताना खिडकीतनं धूळ सरळ भोकात जाते खोकून जीव जातो काच बंद केली तर उकडतं काय करू.

काकांनी उत्तर दिलं, “भोक झाकायचं कसं, हे दवाखान्यातून निघताना सांगतात. तेव्हा कान कुठे होते? आणि विरामचिन्हं नावाची एक वस्तू असते.”

ड्रायव्हर पुन्हा आला नाही.

ताईनं ते सकाळी वाचलं आणि कपाळावर हात मारला. काकांना तिनं खाजगीत लिहिलं, “पहिलं गिऱ्हाईक दुकानात आलं आणि तुम्ही त्याला पायरीवरूनच हाकललंत.”

“मूर्खासारखं विचारतो.”

“त्याला धुळीचा त्रास होतोय. तो धुळीचंच विचारणार.”

“बाजारात मी चारशे माणसं आवाजावर गप्प बसवायचो. तुम्ही मला शिकवू नका.”

“इथे गप्पच बसलेत सगळे, काका. त्यांना बोलतं करायचंय.” आणि जरा थांबून तिनं पुढे लिहिलं, “ते लेख राहू द्या. तुम्हाला स्वतःला काय विचारायचंय? ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही, असं काही?”

त्यावर काही आलं नाही. म्हातारं रुसलं, असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चार ओळी होत्या.

“माझा आवाज गेला आहे. माझ्या बायकोची नजर गेली आहे, तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो. मी लिहिलेलं ती वाचू शकत नाही. चहा तयार आहे, एवढं मी तिला कसं सांगू?”

ताईनं ते दोनदा वाचलं. खाली इस्त्रीवाल्याचा रेडिओ लागला होता, तो तिला ऐकू येईनासा झाला. एवढे दिवस हा माणूस गळ्याच्या नसांवर लिहीत बसला होता, आणि घरात दोघं असे राहत होते.

तिला स्वतःला उत्तर देता आलं असतं. इकडून तिकडून वाचलेलं बरंच काही तिला ठाऊक होतं. पण तिनं हात आवरला. तिनं दिलेलं उत्तर ऑफिसचं उत्तर झालं असतं, आणि ऑफिसनं उत्तर दिलं की बाकीचे गप्प बसतात, हे ती अनुभवानं शिकली होती. त्याऐवजी ती माणसं शोधायला लागली. दुसऱ्या एका कट्ट्यावर एक शिंपीणबाई होत्या, त्यांच्या मुलाला ऐकूही येत नव्हतं आणि दिसतही नव्हतं. ताईनं त्यांना लिहिलं, “तुम्हाला हे ठाऊक आहे, आम्हाला नाही. इथे एक गृहस्थ अडलेत. जरा येता का?” ड्रायव्हरलाही लिहिलं. त्यात तिनं काकांची रदबदली केली नाही. काकांनाच सांगितलं, “त्याची माफी तुम्ही मागायची. मी मागून चालणार नाही.”

काकांनी मागितली. “धुळीबद्दल मी जे बोललो ते चुकलं. ओला रुमाल गळ्यावर सैल बांध. दर दोन तासांनी बदल. पुकारा.”

ड्रायव्हर परत आला. त्यानं लिहिलं की माझी बायको स्वयंपाकघरात असते मी दारात गाडी लावली की दोन हॉर्न म्हणजे जेवण वाढ एक हॉर्न म्हणजे आधी आंघोळ आणि लांब हॉर्न म्हणजे आज माझं डोकं फिरलंय लांब राहा.

शिंपीणबाईंनी तळहाताची रीत सांगितली. बोटानं तळहातावर एकेक अक्षर काढायचं, शब्द संपला की हात पुसल्यासारखा फिरवायचा. काकूंची नजर पन्नाशीनंतर गेली होती, त्यामुळे अक्षरं त्यांना येत होती. काकांनी त्याच दुपारी करून पाहिलं आणि कट्ट्यावर कळवलं, “जमतंय. पण जोडाक्षर आलं की ती हात ओढून घेते, गुदगुल्या होतात म्हणते. आजपासून आमच्या घरात जोडाक्षरं बंद आहेत.”

त्या ओळीवर पहिल्यांदाच तीन-चार अनोळखी लोकांनी लिहिलं. एक निवृत्त शिक्षिका आली, तिचाही आवाज गेला होता. कट्टा हळूहळू पावलं टाकायला लागला. हळूहळूच. व्यवस्थापकाला ते पुरेसं नव्हतं.

“ताई, महिना राहिलाय,” तो तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला. “एक सुचवू? आपणच चार नावं घेऊ. एक पेशंट, एक मुलगी, एक सून. रोज थोडं थोडं लिहू. गर्दी दिसली की गर्दी येते. सगळीकडे करतात.”

“करत असतील.”

“कुणाचं नुकसान आहे त्यात?”

ताई म्हणाली, “उद्या एखादी बाई त्या खोट्या सुनेला विचारेल, तुझे सासरे शेवटी कसे गेले गं? तेव्हा कोण उत्तर देणार? तू का मी?”

तो जाताना एवढंच म्हणाला, “मग बघा तुमचं तुम्ही.”

थोड्याच दिवसांनी शिक्षिकेनं काकांना विचारलं, “तुम्ही यंत्र का वापरत नाही?” गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र असतं, मुठीत मावणारं. ओठ हलवले की त्यातून घरघरता, एकसुरी आवाज निघतो आणि शब्द कळतात.

काकांनी लिहिलं, “यंत्र आहे. कपाटात आहे. दवाखान्यात एकदा लावून बघितलं, घरी नाही. माझ्या बायकोला मी दिसत नाही. तिच्याकडे माझं म्हणून काय होतं? आवाज. बाजारातून घरी येताना मी कोपऱ्यावरून हाक मारायचो, ती दार उघडून उभी असायची. त्या आवाजाच्या जागी आता ही घरघर ठेवू? त्यापेक्षा तिच्या कानात जुना आहे तो राहू दे.”

यावर कुणी सल्ला दिला नाही. ड्रायव्हरनं फक्त लिहिलं, वाचलं काका.

त्याच आठवड्यात ऑफिसात फोन आला. बाईचा आवाज, वयस्क, पण खणखणीत.

“ते कट्टे सांभाळणाऱ्या ताई तुम्हीच का? मी पुकाराची बायको. शेजारच्या मुलीनं नंबर लावून दिला.”

“बोला ना काकू.”

“हे दिवसभर टकटक करत बसतात. मध्येच हसतात. म्हणजे हसल्यासारखी हवा जाते, मला कळतं ते. परवा बराच वेळ टकटक केली आणि मग जेवले नाहीत. काय लिहितात हो एवढं? मला वाचून दाखवाल?”

ताईच्या समोर तेच पान उघडं होतं.

“काकू, मी त्यांना विचारते आणि मग...”

“विचारलंत तर नाही म्हणतील. चाळीस वर्षं झाली, ओळखते मी.”

“मग मला नाही वाचता येणार. त्यांनी तिथल्या लोकांसाठी लिहिलंय ते.”

मग काकू म्हणाल्या, “म्हणजे बघा. कोण कुठली माणसं सगळं वाचतात. मी इथे हातभर अंतरावर बसलेली, आणि मीच तेवढी परकी.” फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्या दिवशी ताईला दुसरं काम सुचलं नाही. काकूंचं एक अक्षरही खोटं नव्हतं. माणसाला मोकळं करायला म्हणून तिनं हा कट्टा उभा केला होता, आणि तो मोकळा झाला तो परक्यांपाशी. घरात तेवढीच भिंत जाड झाली होती. तिनं काकांना जसंच्या तसं कळवलं, काकूंचं शेवटचं वाक्यही गाळलं नाही.

काका चार-पाच दिवस आले नाहीत. कट्ट्यावर लोक विचारायला लागले. मग ताईला निरोप आला. “वाचून दाखवा. पहिल्यापासून. यंत्राचंही. माझ्या बोटांनी तिच्या हातावर एवढं लिहिणं होणार नाही.”

ताईनं फोन केला आणि वाचलं. चहाचा प्रश्न वाचला, ड्रायव्हरशी झालेलं भांडण वाचलं, जोडाक्षरांचं वाचलं तेव्हा काकू खुदकन हसल्या. यंत्राचंही वाचलं. वाचून झालं तरी काकू गप्प होत्या.

“काकू?”

“आहे.” मग त्यांनी विचारलं, “कपाटातल्या कुठल्या खणात ठेवलंय म्हणाले?”

“ते नाही लिहिलेलं.”

“असू दे. यंत्र बाहेर काढा म्हणावं त्यांना.”

काका यंत्र लावणार, हे कट्ट्यावर सगळ्यांना कळलं. पहिलं वाक्य काय असावं यावर दोन दिवस चर्चा झाली. शिक्षिका म्हणाली, तिच्या नावानं हाक मारा. शिंपीणबाई म्हणाल्या, आधी यंत्र तिच्या हातात द्या, तिला चाचपू द्या. ड्रायव्हर म्हणाला, भाषण नको. ताई नुसती वाचत होती. हे सगळं आपण जुळवून आणलंय असं तिला वाटत होतं, आणि ते चांगलं होईल याची कुणीच हमी दिलेली नव्हती.

संध्याकाळी काकांचं लिखाण आलं.

“हाक मारली. तिनं कानांवर हात ठेवले. बंद करा म्हणाली. मी बंद केलं. ती आतल्या खोलीत गेली आहे.”

ताई घरी निघाली होती, पर्स खांद्याला होती. ती तशीच पुन्हा बसली. उत्तराची चौकट उघडली, बोटं ठेवली, आणि तिला एकही शब्द सुचेना. काही लिहिलं असतं तरी ते ऑफिसचंच झालं असतं.

तेवढ्यात एक उत्तर आलं, पूर्वी कधीच न दिसलेल्या नावाचं. एका बाईनं लिहिलं होतं, “मी पहिल्या दिवसापासून वाचते, लिहिलं कधी नाही. माझ्या वडिलांनी यंत्र लावलं तेव्हा मी घराबाहेर पळाले होते. मी तेव्हा लहान नव्हते, माझं लग्न झालेलं होतं. त्यांना मी कधी सांगितलं नाही की मी का पळाले. मला ते गेल्यासारखे वाटले होते, म्हणून. काकू आत गेल्यात त्या तुमच्यावर रागावून नाही. त्यांना रडू द्या.”

मग आणखी एक नाव. त्यानं लिहिलं की त्याच्या मुलीनं वर्षभर यंत्र लावू दिलं नाही. मग आणखी एक, तिला स्वतःलाच तो आवाज सोसवेना म्हणून तिनं यंत्र परत करून टाकलं होतं आणि आता पश्चात्ताप होत होता. एक जण म्हणाला, काका, आज काही करू नका, नुसते तिच्या दाराशी बसा, पाय वाजवा म्हणजे तुम्ही आहात एवढं कळेल. इतके दिवस ही माणसं दाराआडून बघत होती. ताईला त्यांचा पत्ताही नव्हता. ड्रायव्हर रस्त्यात कुठेतरी गाडी थांबवून दर थोड्या वेळानं लिहीत होता, काका आहात ना. आणि काका उत्तर देत होते, आहे.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक हसतच आला. “ताई, कालचा आकडा बघितलात? आता कसलं कुलूप आणि कसलं काय!”

“आकडा नको सांगूस,” ताई म्हणाली. तिचा सूर ऐकून तो तिथेच थबकला. तिला तो कट्टा जगलेला हवा होता, आणि तो जगला होता. पण ज्या घरावर तो जगला त्या घरात काल संध्याकाळी काय झालं हे ती विसरू शकत नव्हती. व्यवस्थापकानं खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसला आणि पहिल्यांदाच तो कट्टा वरून खाली वाचून काढला. वाचून झाल्यावर आपल्या टेबलाकडे गेला.

पुढे काय झालं ते ताईला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. काकूंनी आठवडाभर यंत्राचं नावही काढलं नाही. मग एका सकाळी त्यांनीच ते मागून घेतलं आणि स्वतःच्या गळ्याला लावून बटण दाबलं. काका म्हणे घाबरून उठले. काकू म्हणाल्या, “गुरगुरतंय नुसतं. यात तुमचा काय दोष?” त्यानंतर रोज सकाळी थोडा वेळ, एखादं-दुसरं वाक्य, असं सुरू झालं. काही दिवशी काकू मध्येच हात वर करतात आणि काका थांबतात. तेव्हा तळहात पुढे येतो.

ताईला काकूंचा एकदा फोन आला होता. “हा आवाज यांचा नाही तो नाहीच,” त्या म्हणाल्या. “लोक म्हणतात सवय होईल. मला नाही झाली. पण बोलणं यांचंच आहे हो. काल भाजीवाल्याला शिवी दिली, तीसुद्धा जुनीच.” आणि त्या हसल्या, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

तीन महिने उलटून गेले, कुणी मोजलेही नाहीत. पावसाळी हवेत भोक कसं जपायचं यावर दोन सभासद हमरीतुमरीवर आले आणि ताईला कळायच्या आधी काकांनी ते मिटवलं होतं. मग एका दुपारी कट्ट्यावर एक नवं लिखाण आलं. काकांच्याच नावावर होतं, पण पहिलीच ओळ होती, “मी पुकाराची बायको. मी बोलते आहे आणि हे टाइप करताहेत.”

काकूंनी आधी नवऱ्याची तक्रार केली होती. दिवसभर पडद्याला चिकटून असतात, पाणी प्यायचं भान नाही, भोकाभोवतीचं कापड बदला म्हणून चारदा सांगावं लागतं. काकांनी ते सगळं इमानदारीनं टाइप केलं होतं. त्यानंतर काकूंनी विचारलं होतं,

“यांच्या जुन्या आवाजाची एकही ध्वनिफीत आमच्याकडे नाही. इतकी वर्षं रोज ऐकत होते, साठवून ठेवावा असं कधी मनातच आलं नाही. आता तो मला नीट आठवेनासा झालाय. हे मी यांना आज पहिल्यांदा सांगते आहे, म्हणजे यांना टाइप करायला लावते आहे. ज्यांच्याकडे आपल्या माणसाचा जुना आवाज आहे, ते तो ऐकतात का? ऐकल्यावर बरं वाटतं, की आणखी वाईट?”

खाली उत्तरं यायला लागली होती. कुणी म्हणत होतं, रोज ऐकतो. कुणी म्हणत होतं, एकदा ऐकला आणि पुसून टाकला. वडिलांनी यंत्र लावल्यावर घराबाहेर पळालेल्या त्या बाईनं लिहिलं होतं, माझ्याकडे आहे, पण अजून धीर झाला नाही.

ताईनं सगळं शेवटपर्यंत वाचलं. मग कट्टा सांभाळणाऱ्यांच्या यादीतून तिनं आपलं नाव काढून टाकलं. आदल्या आठवड्यात आणखी एक मागणी आली होती, मुलाचा पाय गेलेल्या एका बापाची. त्याच्या कट्ट्यावर अजून कुणी नव्हतं. तिनं त्याला लिहायला घेतलं.